‘आधी अमेरिका पाहा’: एका रेल्वेच्या पुस्तिका आणि ब्लॅकफीटांचे डोंगर

१९१३ साली न्यूयॉर्कमधील नव्याकोऱ्या मॅकआल्पिन हॉटेलच्या गच्चीवर ब्लॅकफीट जमातीच्या लोकांनी आपले शंकूच्या आकाराचे तंबू ठोकले. खाली मोटारींची वर्दळ आणि वर पिसांचे शिरपेच घातलेली माणसे! वृत्तपत्रांना याहून चांगले छायाचित्र कोठे मिळणार? या मंडळींना तेथे आणले होते ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने. निमित्त होते पर्यटन-प्रदर्शनाचे, आणि विकायचा माल होता मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान.

जेम्स हिल यांची ही रेल्वे १८९३ मध्ये सेंट पॉलपासून प्रशांत किनाऱ्यापर्यंत पोहोचली. गहू आणि लाकूड वाहण्यात ती तरबेज होती. पण प्रवाशांनी याच गाडीत का बसावे, याला तिच्याकडे उत्तर नव्हते. प्रतिस्पर्धी नॉर्दर्न पॅसिफिककडे यलोस्टोन होते आणि त्याचे गुणगान करणाऱ्या ‘वंडरलँड’ या सचित्र पुस्तिकाही होत्या. हिल यांचे चिरंजीव लुई हिल यांनी हे नेमके हेरले. त्यांच्या लोहमार्गाला लागूनच हिमनद्यांचे डोंगर होते. या डोंगरांचे राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत रेल्वेचा वाटा मोठा होता. ११ मे १९१० रोजी उद्यानाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांची सही झाली.

मग छापखाने धडधडू लागले. रंगीत पुस्तिका, नकाशे, भित्तिपत्रके, पोस्टकार्डे. आणि सर्वांवर एकच घोष: ‘आधी अमेरिका पाहा’. श्रीमंत अमेरिकन दर उन्हाळ्यात आगबोटीने युरोप गाठून आल्प्स पाहायला जात असत. तो पैसा घरातच राहावा, हा घोषणेमागचा हिशेब. म्हणूनच उद्यानातील विश्रामगृहे थेट स्विस धाटणीची बांधली गेली. स्वित्झर्लंडला जाऊ नका हे सांगण्यासाठी स्वित्झर्लंडचीच नक्कल करावी लागली, ही मौज त्या काळी फारशी कोणाला खटकलेली दिसत नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, युरोपची वाट बंद झाली आणि घोषणेला आयतेच बळ मिळाले.

परंतु आल्प्सपाशी नसलेली एक गोष्ट रेल्वेला हवी होती, आणि ती होती ब्लॅकफीट. पुस्तिकांत त्यांचा उल्लेख ‘ग्लेशियर पार्क इंडियन्स’ असा होऊ लागला, जणू उद्यान आधी होते आणि माणसे मागाहून आली! पर्यटकांची गाडी आली की पारंपरिक वेशात स्वागत करायचे, हॉटेलसमोर तंबू ठोकायचे, नाच करून दाखवायचा, असा शिरस्ता पडला.

वस्तुस्थिती अशी होती की उद्यानाचा पूर्व भाग १८९५ पर्यंत त्यांच्याच राखीव प्रदेशात मोडत होता. गवे नष्ट झाल्यावर १८८३-८४ च्या हिवाळ्यात शेकडो ब्लॅकफीट उपासमारीने मेले. त्यानंतरच्या अगतिकतेत हा डोंगराळ पट्टा सरकारने मागितला. तेथे सोने-तांबे सापडेल असा बोलबाला होता. जमातीने तीस लाख डॉलर मागितले, पदरात पडले पंधरा लाख. करारात एक अट मात्र त्यांनी घालून घेतली: ही जमीन ‘सार्वजनिक जमीन’ राहील तोवर शिकार, मासेमारी आणि लाकूडतोड यांचा हक्क आपला.

खनिजे काही हाती लागली नाहीत. खाणवाले निघून गेले आणि उरले ते निसर्गसौंदर्य. १९१० मध्ये उद्यान झाले, तेव्हा सरकारने अर्थ लावला की ही आता त्या अर्थाने सार्वजनिक जमीन उरली नाही. सबब हक्कही संपले. ज्या शिकाऱ्याचे चित्र पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर शोभून दिसे, त्यानेच त्या डोंगरात हरीण मारले तर तो गुन्हेगार ठरणार होता.

नावांचेही तसेच झाले. शिखरांना आणि सरोवरांना परक्यांची नावे पडू लागली, तेव्हा १९१५ मध्ये ब्लॅकफीट पुढारी ती तक्रार घेऊन थेट वॉशिंग्टनला गेले. काही जुनी नावे टिकली, बरीच गेली.

प्रचार मात्र थांबला नाही. जर्मनीत जन्मलेले चित्रकार विनोल्ड राइस यांनी काढलेली ब्लॅकफीट स्त्री-पुरुषांची देखणी व्यक्तिचित्रे १९२८ पासून रेल्वेच्या दिनदर्शिकांवर झळकू लागली आणि तीसएक वर्षे घरोघरच्या भिंतींवर टांगली गेली. उद्यानात शिकारीला बंदी होती, ती तशीच राहिली.