तलावाचा गाळ कोणी काढायचा?

भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. लाखांदूरच्या बाजूस गेले की आधी तलावाची पाळ दिसते, तिच्याखाली धानाच्या बांध्या. पाऊस कमी म्हणून येथे तलाव झाले, असा शहरवासीयांचा समज असतो; तो खरा नव्हे. वर्षास सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस येथे होतो. पण तो येतो चार महिन्यांत, आणि ऐन रोवणीत किंवा धान लोंबीवर आले असता ओढ देतो. त्या पंधरा दिवसांची बेगमी म्हणजे तलाव.

गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. जो तलाव बांधील त्यास त्याखालची जमीन कसावयास मिळे, असे सांगतात. यापेक्षा थोडक्यात शेतीधोरण सांगणे आजच्या मंत्र्यांनाही जमायचे नाही! पुढे १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारास गावाचा मालक ठरविले आणि तलाव त्याच्या पदरात पडला.

आता, तो काळ सोन्याचा होता असे म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ निघे, बैलगाडीने शेतात पडे, पाळीची डागडुजी होई, हे सारे खरे. परंतु ते करणारे हात पुष्कळदा बेगारीचे होते. मालगुजाराच्या पाण्यावर धान पिकवायचे तर त्याच्या हाकेला ओ देणे भाग होते.

म्हणून ३१ मार्च १९५१ रोजी मालकीहक्क निर्मूलनाचा कायदा अमलात आला, तो न्यायाचाच होता. तलाव सरकारजमा झाले, ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ हे नाव रूढ झाले, आणि शेतकऱ्याचा पाण्याचा हक्क निस्तारहक्क म्हणून शाबूत राहिला. कारखान्याचा मालक बदलला की आम्ही कामगार प्रथम एकच गोष्ट विचारतो: यंत्रास तेल कोण घालणार? तलावांच्या बाबतीत हे कोणी नीट विचारले नाही. शिवाय भंडारा तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला. दहा वर्षांच्या आत तीन राज्यांची दप्तरे! पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. हक्क लिहिलेला होता. कर्तव्य कोणाच्या नावे लिहावे, ते ठरले नाही.

गाळ मात्र दरसाल येतच राहिला. तलाव उथळ झाले, बेशरम माजली, कोरड्या बुडात अतिक्रमणे शिरली. धानाचे पाणी घटले, तसे ढिवरांच्या जाळ्यातले मासेही घटले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेच्या नावे असला तरी उथळ पाण्यात मासा वाढायचा कसा?

१९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. बेगारीने व्हायचे ते खोदकाम आता हजेरीपटावर, मजुरीने करता येते, हा त्या कायद्याचा आमच्या लेखी सर्वांत मोठा अर्थ. प्रत्येक तलावामागे दरवर्षी वैशाखाचे काही आठवडे राखून ठेवले असते तर भूमिहीनास काम आणि शेतकऱ्यास खत, दोन्ही साधले असते. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना निघाली. कल्पना जुनीच, आणि चांगली. मात्र गाळ आता यंत्र उचलते. आणि ज्यास शेतच नाही, त्याच्या वाट्याला त्या गाळातले काय येते, हे आम्ही संबंधितांस विचारीत आहोत.