प्रोबेट : मुंबईच्या वेशीत अडकलेला शिक्का

पुण्यातल्या फ्लॅटचं पुण्यातच केलेलं मृत्युपत्र असलं, तर वारसाला न्यायालयात हक्क सांगताना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा शिक्का, दाखवावं लागत नसे. तोच फ्लॅट दादरला असला, की आधी प्रोबेट घ्यावंच लागे. राज्य एक, कायदाही एक, तरी हा भेद राहिला. त्याचं मूळ शोधायला पार इंग्लंडातल्या चर्चपर्यंत मागे जावं लागतं.

तिथे मरणाऱ्याच्या उशाशी पाद्री असे. शेवटची कबुली आणि चीजवस्तूंची शेवटची वाटणी, दोन्ही त्याच्यासमोर होत. त्यामुळे मृत्युपत्र खरं की बनावट हे ठरवण्याचं काम धर्मपीठाच्या न्यायालयांकडे गेलं आणि १८५८ पर्यंत तिथेच राहिलं. ही पद्धत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इकडे आली. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथल्या मेयर कोर्टांना प्रोबेट देण्याचा अधिकार मिळाला. त्याची निकडही होती. मुंबईत आलेला इंग्रज दोन पावसाळे काढील तर नशीब, असं तेव्हा म्हणत. तो गेला की माल गोदामात, घेणेकरी दारात आणि वारस कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे. त्या मालाला हात लावायचा अधिकार कुणाचा, हे शिक्क्यानिशी सांगणारा कागद हवाच होता.

आपल्या धर्मशास्त्रात मात्र मृत्युपत्राला जागाच नव्हती. मिताक्षरेप्रमाणे मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत वाटेकरी. मग बापाने मागे लिहून ठेवायचं ते काय? दान, दत्तक, वाटणी यांवर भागे. पण या तीन शहरांत स्वतःच्या कमाईचा पैसा वाढला, शेजारी इंग्रजी कोर्ट होतं, आणि हिंदूही मृत्युपत्रं करू लागले.

ती किती चालावीत, याचा सर्वांत गाजलेला खटला कलकत्त्याचा. प्रसन्नकुमार टागोरांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. बापाने त्याला वगळून अफाट इस्टेट पुढच्या, अजून जन्मालाही न आलेल्या पिढ्यांपर्यंत बांधून ठेवली. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितलं, की जे जिवंतपणी दान देता येत नाही, ते मृत्युपत्रानेही देता येणार नाही. आणि न जन्मलेल्याला दान देता येत नाही. पुतण्या जतींद्रमोहनला हयातीपुरता उपभोग मिळाला. त्यानंतरचा हक्क मात्र ज्याला टाळण्यासाठी सारा खटाटोप झाला, त्या मुलाकडेच गेला. मरणानंतर हुकमत गाजवू पाहणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

सरकार या निकालासाठी थांबलं नव्हतं. हिंदू विल्स ॲक्ट १ सप्टेंबर १८७० पासून लागू झाला, पण फक्त बंगालच्या मुलखात आणि मद्रास व मुंबई शहरांत. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने तीच हद्द कलम ५७ मध्ये उचलली आणि कलम २१३ ने प्रोबेटची सक्ती तिला जोडली. १९६२ मध्ये या शहरांतले पारशीही त्यात आले. मुसलमान कधीच नव्हते; ख्रिस्ती २००२ मध्ये सुटले. म्हणजे गिरगावातल्या एकाच इमारतीत दोन बिऱ्हाडांना प्रोबेट लागे आणि दोघांना नाही. हायकोर्टाच्या जुन्या अधिकारक्षेत्राची रेघ कुणी पुसली नाही, एवढंच पुणे-दादर भेदामागचं कारण मला दिसतं.

कारकुनी काम मात्र चोख. मूळ मृत्युपत्र हायकोर्टात जमा करायचं. त्यावरच्या दोन साक्षीदारांपैकी एकाचं तरी प्रतिज्ञापत्र लावायचं. वारसांना नोटिसा जातात. कुणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षांचा हिशेब राहत नाही. हरकत नसली तरी मृत्यूनंतर सात दिवसांच्या आत प्रोबेट देता येत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ काढून टाकलं. सक्ती गेली, प्रोबेट मागायची वाट मात्र मोकळी आहे. ज्यांच्या घरात भाऊबंदकी धुमसते आहे, त्यांना वकील ते घ्यायलाच सांगतील, कारण एकदा मिळालेलं प्रोबेट मृत्युपत्राच्या खरेपणाचा निर्णायक पुरावा ठरतं.