आच्छादन, फळबागेतील

ठिबक सिंचनावरील फळबागेत झाडाच्या आळ्यातील जमीन पाचट, भुसकट, काड, वाळलेले गवत किंवा प्लॅस्टिक कागदाने झाकण्याची पद्धत. शेतकरी तिला ‘मल्चिंग’ म्हणतात. ठिबकने मुळांशी पोहोचलेले पाणी उन्हावाऱ्याने उडून जाऊ न देणे हा तिचा मुख्य हेतू.

प्रदेश : या नोंदीत ज्या भागाच्या संदर्भात ही पद्धत पाहिली आहे, तेथील दौंड–सोलापूर लोहमार्गावरील केम (ता. करमाळा) हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी. पाऊस पडतो, मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. जमिनी बेसाल्ट खडकापासून बनलेल्या, हलक्या मुरमाड ते भारी काळ्या, बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त व विम्लधर्मी आहेत. रब्बी ज्वारीत वारंवार कोळपून भेगा बुजवण्याची येथील जुनी रीत हे मातीचेच आच्छादन होय. डाळिंब हे जिल्ह्याचे प्रमुख फळपीक. ‘सोलापूर डाळिंबा’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ओलावा व तापमान : उघड्या जमिनीत ठिबकच्या तोटीखालचा थर लवकर सुकतो व पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये ओलाव्यात मोठा चढउतार होतो. आच्छादनाखाली वाफसा अधिक काळ टिकतो, काळ्या जमिनीला भेगा कमी पडतात. ओलावा एकसारखा राहिल्याने डाळिंबाची फळे तडकण्याचे प्रमाणही घटते. सेंद्रिय आच्छादन उन्हाळ्यात माती थंड ठेवते. काळा प्लॅस्टिक कागद ती काहीशी तापवतो, तर चंदेरी पृष्ठभाग ऊन परतवतो.

क्षार : ठिबकच्या पाण्याबरोबर क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेला सरकतात आणि बाष्पीभवनामुळे पृष्ठभागावर पांढरे साचतात. बाष्पीभवन घटले की ही साठवण मंदावते. मात्र पाण्यातून आलेले क्षार नाहीसे होत नाहीत. निचरा व पावसाचे पाणी यांनीच ते मुळांखाली धुऊन जातात.

सेंद्रिय कर्ब व नत्र : कुजणारे आच्छादन कर्ब वाढवते, गांडुळे व जिवाणू पोसते, मातीची कणरचना सुधारते. उसाच्या पाचटात कर्बाच्या तुलनेत नत्र फार कमी असल्याने ते कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र तात्पुरते अडवतात. म्हणून एक टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरण्याची शिफारस आहे. प्लॅस्टिकमुळे तण दबते, पण कर्बात भर पडत नाही. जुना कागद वेळीच गोळा न केल्यास त्याचे तुकडे मातीत राहतात.

बहार व मर्यादा : डाळिंबाला बहार धरण्यापूर्वी पाण्याचा ताण द्यावा लागतो. त्या काळात आच्छादन जमिनीत ओल धरून ठेवते व पानगळ लांबते. म्हणून ताणापूर्वी ते बाजूला सारणे सोयीचे ठरते. फळे वाढत असताना, विशेषतः आंबे बहाराच्या उन्हाळ्यात, त्याचा लाभ सर्वाधिक असतो. भारी जमिनीत आच्छादन असूनही पूर्वीइतकेच पाणी सोडल्यास मुळांना हवा मिळत नाही व मुळे कुजण्यास वाव मिळतो. त्यामुळे आच्छादनानंतर ठिबक चालवण्याचा वेळ वाफसा पाहून कमी करणे आवश्यक असते. काडीकचरा खोडाला चिकटवू नये. वाळवी, उंदीर व तुंबलेल्या तोट्या यांच्यासाठी नळ्या अधूनमधून उघडून पाहाव्या लागतात.

सोलापूर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून कार्यरत आहे.