‘अत्ता’ म्हणजे कोण? गाथासप्तशतीतील एका नात्याचा मागोवा

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त ‘अत्ता’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणतेही भाषांतर हाती घ्या, तिथे बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘सासू’ असा दिलेला असतो. अर्थ चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे आणि अपुरा का आहे हे कळायला सोलापूरसारखे दुसरे गाव नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी ग्रंथाविषयी थोडे. माहाराष्ट्री प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या सातशे गाथांचा हा संग्रह. कोटीभर गाथांमधून हालाने सातशे निवडल्या, असे ग्रंथच सुरुवातीला सांगतो. कोटी हा आकडा अर्थातच कवीचा आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात सातवाहनाच्या या कोशाचा गौरव केला आहे. संग्रहात नंतरच्या काळातील भर पडली आहे, त्यामुळे सगळ्या गाथा एका शतकातल्या मानता येत नाहीत. आधुनिक काळात जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर याने 1870 मध्ये काही भाग आणि 1881 मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1889 मध्ये काव्यमालेत गंगाधरभट्टाच्या टीकेसह तो छापला. मराठीत स. आ. जोगळेकरांचे मोठे काम 1956 साली पुण्याहून आले. माझे संस्कृत शाळेपुरते, प्राकृत घरी बसून जमवलेले. जोगळेकरांचा हात धरूनच मी या ग्रंथात शिरले.

प्रेमावरचा प्राचीन ग्रंथ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कामसूत्र येते, तेही बहुधा 1883 च्या इंग्रजी अवताराच्या कीर्तीमुळे. गाथासप्तशतीच्या दुसऱ्याच गाथेत यावर टोला आहे. प्राकृत काव्य वाचता-ऐकता येत नाही आणि तरी कामशास्त्राच्या गोष्टी करतात, त्यांना लाज कशी वाटत नाही, अशा आशयाची ती गाथा आहे. योगायोग असा की वात्स्यायनानेही कुंतलदेशाच्या एका सातकर्णी सातवाहनाचा उल्लेख केला आहे. पण तो शृंगाराच्या भरात राणी मलयवतीचा जीव घेणारा म्हणून! शास्त्रात या घराण्याची अशी नोंद झाली. काव्यात मात्र त्यांनी नांगऱ्याची सून, पाणपोईवरची पोरगी, परगावी गेलेल्याची बायको यांना बोलू दिले.

आता त्या प्रसिद्ध गाथेकडे येऊ. संध्याकाळी एक वाटसरू मुक्कामाला आला आहे. घरातली सून त्याला सांगते की, इथे अत्ता झोपते, इथे मी. उजेड आहे तोवर नीट पाहून घे. तू रातांधळा, चुकून माझ्या शेजेवर येऊन पडशील. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त हिचा दाखला दिला, कारण शब्द नकाराचे आणि सूचना मात्र निमंत्रणाची. मला नवल वाटते ते वेगळ्या गोष्टीचे. मूळ गाथेत ‘सेज्जा’ आहे, ‘रत्तिअंधअ’ आहे, ‘एत्थ’ आहे. शेज, रातांधळा, इथं. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही आजीबाईला ही गाथा सावकाश म्हणून दाखवली तर निम्मी तरी भाषांतरावाचून कळेल. आणि काव्यशास्त्रात दिलेल्या पाठात पहिलाच शब्द आहे ‘अत्ता’.

भाषांतर कसे झाले ते पाहा. प्राकृत गाथेखाली संस्कृत ‘छाया’ देण्याची पद्धत आहे. छायेत ‘अत्ता’चे ‘श्वश्रू’ झाले. श्वश्रूची मराठीत सासू झाली आणि इंग्रजीत तर नुसते कायद्याने जडलेले नाते उरले. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने मात्र आपल्या देशी शब्दांच्या कोशात, ‘देशीनाममाले’त, अत्ता शब्दाचे चार अर्थ नोंदवले आहेत: आई, आत्या, सासू आणि सखी. छायेने त्यातला एक उचलला, बाकीचे तीन दाराबाहेर राहिले.

मी राहते त्या जुळे सोलापुरात एका मजल्यावर तीन भाषा नांदतात. शेजारचे तेलुगू कुटुंब मूळचे पूर्व भागातल्या विणकरांचे. त्यांच्याकडे ‘अत्त’ म्हणजे वडिलांची बहीण आणि सासूही. समोरच्या घरी कन्नड बोलतात, त्यांची ‘अत्ते’ही तशीच दुहेरी. आणि आम्ही मराठी? माझ्या सासूबाई माझ्या वडिलांच्या कोणी लागत नव्हत्या, तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना ‘आत्या’ म्हणत आले आणि सासऱ्यांना ‘मामा’. आमच्याकडच्या खेड्यापाड्यांत हीच रीत होती. ‘आत्याबाई’ म्हणजे सासूबाई, हे कुणाला समजावून सांगावे लागत नसे.

यामागचे कारण उघड आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात या विवाहपद्धतीची प्रांतवार चर्चा केली आहे. मुलाने मामाची मुलगी केली की त्या मुलीची सासू ही तिच्या बापाची बहीण, म्हणजे सख्खी आत्या. उत्तरेकडच्या संस्कृत परंपरेला अशा लग्नाचे वावडे, त्यामुळे तिच्या शब्दसंपत्तीत आत्या आणि सासू यांना एकत्र धरणारा शब्द असण्याचे कारणच नव्हते. अत्ता, आत्या, अत्ते, अत्त ही मालिका दख्खनची आहे.

मात्र यावरून गाथेतली ती सून आपल्या आत्याच्याच घरी दिली होती, असे सिद्ध होत नाही. माझेच उदाहरण त्याविरुद्ध जाते. रूढ झालेली हाक नाते नसतानाही चालू राहते. गाथा एवढेच सांगते की ज्या समाजात ती रचली गेली, तिथे सासूला हाक मारायला माहेरचा शब्द चालत होता.

पण एवढ्यानेही वाचन बदलते. टीकाकारांची सवय अशी की प्रत्येक गाथेला एक प्रस्तावना जोडायची: कोण बोलते, कुणाला बोलते, कशासाठी. मूळ दोन ओळींत यातले बरेचदा काहीच नसते. मग बोलणारी कधी कुलटा ठरते, कधी दूती, आणि भाषांतरकार ते शिक्के जसेच्या तसे पुढे नेतो. वाटसरूच्या गाथेत ‘सासू’ म्हटले की चित्र तयारच असते: पहारा देणारी म्हातारी आणि तिला फसवणारी चवचाल सून. ‘आत्या’ म्हटले की ते चित्र हलते. माहेर आणि सासर एकाच छपराखाली आले. जिच्यापाशी मन मोकळे करावे तीच रात्री पलीकडे झोपलेली. त्या बाईचे बोलणे निमंत्रण आहेच, आनंदवर्धनाशी माझे भांडण नाही. पण ते बोलणे किती अरुंद जागेतून येते हे आता दिसते. नवरा कुठे आहे, किती दिवस आहे, गाथा सांगत नाही. तिला कुलटा म्हणण्याची घाई टीकाकाराची, गाथेची नव्हे.

साळीची शेते पिकून पांढुरकी झाली म्हणून रडणाऱ्या बाईला मैत्रीण तागाची बाग दाखवते, त्या गाथेबद्दलही मला हेच वाटते. कापणी झाली की भेटीची जागा गेली, हे मंगळवेढ्याच्या ज्वारीत वाढलेल्या माणसाला टीकेवाचून समजते. त्यात पाप-पुण्य कालवण्याची गरज नाही.

हेमचंद्राचा चौथा अर्थ, सखी, याचा मी बरेच दिवस पिच्छा पुरवला. आमच्या मजल्यावरच्या तिन्ही भाषांत कुणी मैत्रिणीला आत्या म्हणत नाही. मात्र गाथांमध्ये ‘मामि’ अशी हाक येते, आणि हेमचंद्राच्याच व्याकरणात ती सखीला मारायची हाक म्हणून नोंदलेली आहे. छायेत तिथे ‘सखि’ येते, मराठीत ‘सखे’. हे ‘सखे’ वाचले की मला नाटकातल्या दासी दिसतात. प्रत्यक्षात पाणी यायच्या दिवशी आमच्या खालच्या नळावर बायका एकमेकींना आजही मामी, मावशी, वहिनी अशाच हाका मारतात आणि घरात बोलता न येणारे तिथेच बोलतात. माझी सून मला ‘मम्मी’ म्हणते. नळावर मात्र तिचीही एक मामी आहे, नात्याची नसलेली. ‘अत्ता’ आणि ‘मामि’ या दोन्ही हाका असलेल्या गाथा मी सध्या वेगळ्या काढते आहे, आणि प्रत्येकीखाली छायेतला शब्द न लिहिता आमच्याकडचा लिहिते आहे.