टाकी 610 : चाळीस दिवस आणि एक रात्र

माल भरण्याआधी रिकामा कंटेनर तपासण्याची एक जुनी रीत आहे. भोपाळजवळच्या मंडीदीप डेपोत असो की न्हावा-शेवाला, रीत तीच. तपासणारा आत जातो, बाहेरच्याला दोन्ही दारं लावून घ्यायला सांगतो आणि अंधारात उभा राहून छत, कोपरे, दाराचं रबर निरखतो. कुठून टाचणीएवढी उजेडाची तिरीप आली तरी कंटेनर नापास, कारण जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार. मग तो वास घेतो, आधी काय भरलं होतं ते विचारतो, तळाची ओल आणि गंज बघतो. पाच-दहा मिनिटांत काम आटोपतं. नापास डबा बाजूला निघतो आणि दुसरा येतो.

भोपाळच्या वायुकांडाची हकीकत बहुतेक वेळा 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्रीपासून सांगितली जाते. मला ती ऑक्टोबरपासून सांगावीशी वाटते, कारण पात्र नापास झालं ते ऑक्टोबरमध्ये. त्यात माल होता, तो काढला गेला नाही, आणि पुढचे चाळीसेक दिवस ते तसंच राहिलं.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठवायला तीन टाक्या होत्या : 610, 611 आणि 619. मातीच्या ढिगाऱ्यात अर्धवट पुरलेल्या, वरून काँक्रीट घातलेल्या. प्रत्येकीची लांबी 40 फूट, व्यास 8 फूट. आज होशंगाबाद रोडवरून ट्रेलरवर लादून जाणारा मोठा कंटेनर डोळ्यांसमोर आणा. लांबी-रुंदीला तेवढीच, फक्त गोल आणि जाड स्टेनलेस स्टीलची. 610 आणि 611 मध्ये माल राहायचा, 619 अडीअडचणीसाठी मोकळी ठेवायची, असा नियम होता.

ऑक्टोबर 1984, महिन्याचा उत्तरार्ध

610 मध्ये 42 टन द्रव होता. भोपाळच्या नियमपुस्तकानुसार टाकी 60 टक्क्यांपर्यंतच भरायची होती. ही पाऊण टाकीच्या आसपास भरली होती. याच सुमारास तिने नायट्रोजनचा दाब धरणं सोडलं.

साध्या भाषेत सांगायचं तर टाकीतल्या द्रवावर कोरड्या नायट्रोजनचं पांघरूण असायचं. त्याच्या दाबानं माल पुढे सेव्हिन हे कीटकनाशक बनवण्याच्या विभागाकडे ढकलला जायचा आणि त्याच दाबामुळे बाहेरचं पाणी, गंज, कचरा आत शिरायला वाव राहायचा नाही. दाब टिकत नाही याचा अर्थ कुठली तरी झडप किंवा जोड गळतो आहे. दार लावलं आणि आत उजेड दिसला, अशी ही अवस्था. मिथाइल आयसोसायनेटच्या बाबतीत तर पहिला धडाच पाण्याचा आहे : पाण्याशी गाठ पडली की उष्णता, वायू आणि दाब वाढतच जातात.

त्यानंतर लवकरच मिथाइल आयसोसायनेटचं उत्पादन थांबलं. अखेरच्या दिवसांत तयार झालेल्या मालात क्लोरोफॉर्मचं प्रमाण मर्यादेपेक्षा खूप जास्त होतं आणि तोही याच टाकीत होता. म्हणजे पात्र नापास आणि आतला मालही कसाला न उतरणारा.

नोव्हेंबर

शीतकरण यंत्रणा जूनपासूनच बंद होती. हा द्रव शून्याच्या आसपास थंड ठेवायचा असतो. भोपाळमध्ये तो हवेच्या तापमानाला पडून होता. 11 अंशांना वाजणारा इशारा त्यामुळे निरुपयोगी झाला होता. सुटलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरचा गंजलेला नळ काढून ठेवलेला, नवा बसवलेला नाही. वायू कॉस्टिक सोड्यानं धुणारा स्क्रबर स्टँडबायवर. मिथाइल आयसोसायनेट विभागातल्या एका पाळीची माणसं 12 वरून 6 वर आणलेली. रात्रीच्या पाळीतलं देखभाल पर्यवेक्षकाचं पद काही दिवसांपूर्वीच काढून टाकलेलं.

हे सगळं खर्च वाचवण्यासाठी चाललं होतं. कारखाना तोट्यात होता, कीटकनाशकाला उठाव नव्हता. पत्रकार राजकुमार केसवानी 1982 पासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून आणि पुढे 'जनसत्ता'तून शहराला सावध करत होते. डिसेंबर 1981 मध्ये कारखान्यातल्या फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा जीव घेतल्यावर त्यांनी हा विषय हाती घेतला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही.

शनिवार, 1 डिसेंबर

610 मध्ये पुन्हा दाब भरण्याचा प्रयत्न झाला. टाकीनं दाब धरला नाही. सेव्हिनसाठी माल हवाच होता, म्हणून तो 611 मधून घेतला गेला. 610 भरलेलीच राहिली.

या घटनाक्रमात मला सर्वांत जास्त छळणारी नोंद हीच आहे. दुसऱ्या दिवशी रात्री घडलेल्या बऱ्याच गोष्टी अंधारात, घाईत, डोळे चुरचुरत असताना घडल्या. ही गोष्ट निवांतपणी घडली. पात्र दुसऱ्यांदा नापास झालं आणि उत्तर म्हणून शेजारचं पात्र वापरलं गेलं. रिकामा डबा नापास झाला तर असं करणं रास्त आहे. भरलेला नापास झाला तर आधी तो रिकामा करावा लागतो.

रविवार, 2 डिसेंबर, रात्री 8.30 ते 9.30

टाक्यांपासून काही अंतरावरच्या नळांत कचरा अडकला होता. तो पाण्यानं धुवायचं ठरलं. असं धुताना पाणी पुढे जाऊ नये म्हणून नळाच्या जोडात लोखंडी चकती घालतात. कारखान्यात तिला स्लिप ब्लाइंड म्हणत. ती घालणं देखभाल विभागाचं काम. चकती घातली गेली नाही. पाणी सोडलं गेलं. निचऱ्याच्या सगळ्या तोंडांतून ते बाहेर पडत नाही, हे धुणाऱ्या कामगाराच्या लक्षात आलं आणि त्यानं पाणी बंद केलं. वरून सांगितलं गेलं, चालू ठेव.

पाणी 610 मध्ये नेमकं कुठून शिरलं यावर वाद आहे. कामगारांचं आणि भारतीय तपासाचं म्हणणं, याच धुण्यातून. कंपनीचं म्हणणं, कुणा असंतुष्ट कामगारानं मुद्दाम टाकीला नळी जोडली. पाणी शिरलं यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे. तपास करणाऱ्या वरदराजन समितीनं ते सुमारे 500 किलो धरलं. आणि टाकी दाब धरत नव्हती, हेही कुणी नाकारलेलं नाही.

10.20

610 चा दाब चौरस इंचाला 2 पौंड. नेहमीसारखा.

10.45

पाळी बदलली.

11.00

नियंत्रण कक्षात नव्या पाळीच्या ऑपरेटरला काटा 10 पौंडांवर दिसला. 2 ते 25 ही नेहमीची मर्यादा, म्हणून आकडा खटकला नाही. चाळीस मिनिटांत पाचपट वाढ झाली हे कळायला आधीची नोंद शेजारी ठेवून पाहावी लागली असती. तापमानाकडे पाहण्याची सवय तर शीतकरण बंद झालं तेव्हाच मोडली होती. शिवाय जी टाकी महिनाभर दाब धरत नव्हती तिच्यात अचानक दाब येतो, ही खुशीची बाब नव्हे, हे सांगायला त्या पाळीत वरिष्ठ तंत्रज्ञ हवा होता.

11.30

कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. कारखान्यात हे अधूनमधून व्हायचंच. डोळ्यांतलं पाणी हीच गळती ओळखण्याची खूण होऊन बसली होती.

11.45

गळती सापडली. चहानंतर बघू, असं ठरलं.

12.15

चहा आला.

त्या चहाबद्दल कामगारांना फार बोल लावला गेला आहे. मी लावणार नाही. वर्षानुवर्षं किरकोळ गळतीबरोबर जगायला लावलेली माणसं आणखी एका किरकोळ गळतीला घाबरली नाहीत. ही सवय त्यांना कारखान्यानं लावली होती.

12.40

चहा संपला आणि पाच मिनिटांत सगळं हाताबाहेर गेलं. तापमानाचा काटा 25 अंशांच्या टोकाला जाऊन थांबला. त्यापुढे मोजपट्टीच नव्हती. दाब 40 पौंडांवर गेला, मग 55 वर, तिथेही मोजपट्टी संपली. एक जण टाकीकडे धावला. काँक्रीट तापलं होतं, खालून घरघर येत होती, आणि त्याच्या डोळ्यांदेखत वरचा थर तडकला. सुरक्षा झडप उघडली. वायू 33 मीटर उंचीच्या नळातून बाहेर पडू लागला.

जे उपाय हाताशी होते ते एकेक करून फोल ठरले. एवढ्या वायूपुढे स्क्रबर अपुरा. फ्लेअर टॉवरचा नळ काढलेला. पाण्याचे फवारे नळाच्या तोंडापर्यंत पोचेनात. माल मोकळ्या टाकीत काढून घ्यावा, तर 619 मोकळी नव्हती. तिच्यातही माल असल्याचं काटा दाखवत होता.

12.50

कारखान्याचा भोंगा वाजला. शहरासाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. कंपनीचा नियमच तसा होता, उगाच घबराट नको. वारा उत्तरेकडून मंद वाहत होता. समोर जयप्रकाश नगर, मग काजी कॅम्प, चांदबड, रेल्वे कॉलनी, स्टेशन. थंडीच्या दिवसांत हवेपेक्षा जड असलेला वायू जमिनीलगत पसरला आणि झोपडीच्या फटीफटीतून आत गेला.

1.00 च्या सुमारास

चोला वस्तीतले लोक पळत सुटल्याची बातमी पोलीस अधीक्षकांपर्यंत पोचली. 1.25 ते 2.10 या वेळात पोलिसांनी कारखान्याला फोन केले. दोनदा उत्तर आलं की सर्व ठीक आहे. शेवटी, काय झालं ते आम्हालाच ठाऊक नाही. हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना आधी अमोनिया सांगितलं, मग फॉस्जीन, आणि बऱ्याच उशिरा खरं नाव. काय भरलं आहे हे पात्रावर लिहिलेलं असावं, या साध्या नियमामागचं कारण त्या वॉर्डात दिसलं. शेकडो माणसांवर कशाचा उपचार करायचा, हेच डॉक्टरांना माहीत नव्हतं.

स्टेशनवर स्टेशन उपअधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेआधी सोडली आणि येणाऱ्या गाड्या थांबवायला आजूबाजूच्या स्थानकांना कळवलं. त्यांनी वरच्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्या वायूनं आयुष्यभराचं दुखणं त्यांच्या मागे लावलं.

2.00 नंतर

टाकी आपोआप शांत झाली. सुमारे 40 टन वायू बाहेर पडून गेला होता. 2.15 ला शहरासाठीचा भोंगा सलग वाजू लागला.

आमची अरेरा कॉलनी शहराच्या दक्षिणेला, तलावांच्या आणि टेकडीच्या पलीकडे. वारा इथवर आला नाही. पुढे महापालिकेच्या 56 पैकी 36 वॉर्ड गॅसग्रस्त जाहीर झाले, त्यात आमचा भाग नव्हता. सरकारी नोकरीनिमित्त भोपाळला येऊन इथे स्थिरावलेल्या मराठी घरांत ही गोष्ट अजून हळू आवाजात सांगितली जाते, कारण आपण वाचलो ते वाऱ्यामुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. झडपा आमच्यासाठीही उघड्याच होत्या.

नंतर

मध्य प्रदेश सरकारनं 3,787 मृत्यू मान्य केले. 2010 च्या क्युरेटिव्ह याचिकेत केंद्र सरकारनं हा आकडा 5,295 दिला. 2006 च्या प्रतिज्ञापत्रात जखमींची संख्या 5,58,125 नोंदली आहे. बाधितांच्या संघटना मृतांचा आकडा याहून कितीतरी मोठा मानतात.

हा प्रकार भोपाळपुरता नाही. मे 2021 मध्ये एक्स-प्रेस पर्ल या जहाजावरच्या कंटेनरमधून नायट्रिक ॲसिड गळू लागलं. कतारच्या हमद आणि गुजरातच्या हजिरा बंदरानं तो उतरवून घेतला नाही. गळका डबा घेऊन जहाज कोलंबोपर्यंत गेलं, तिथे पेटलं आणि 2 जूनला बुडू लागलं. गळतो हे ठाऊक होतं. उतरवणं कुणाच्याच अंगावर नव्हतं.

1 जानेवारी 2025 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन विषारी कचरा पिथमपूरला निघाला. 12 हवाबंद, गळतीरोधक, आगरोधक कंटेनर, पोलिसांचा ताफा, मोकळा ठेवलेला रस्ता. माल भरणाऱ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्यांत काम केलं. हीच काळजी 1 डिसेंबर 1984 ला एका टाकीची घेतली असती, तर पुढची रात्र वेगळी असती.

7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयानं युनियन कार्बाइड इंडियाच्या सात अधिकाऱ्यांना निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा दोन वर्षांची कैद आणि दंड. सर्वांना त्याच दिवशी जामीन मिळाला.