पहिलटकरणीच्या कळा

पहिलटकरणीच्या कळा लांबतात, हे आमच्याकडील कोणतीही सुईण सांगेल. गर्भाशयाचे मुख प्रथमच उघडावयाचे असते. बारा-अठरा तास लागले तरी त्यात अघटित असे काही नाही. परंतु हीच साधी गोष्ट व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात एके काळी प्राणावर बेतत असे. तेथील एका प्रसूतिकक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. आणि सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायका पहिल्यात कितीतरी अधिक. तेथे जाणे टळावे म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवीत. १८४६ साली साहाय्यक झालेल्या इग्नाझ सेमेलवाइसच्या ध्यानी आले की, ज्यांच्या कळा लांबत त्या, म्हणजे बहुधा पहिलटकरणीच, हटकून दगावत. कळा जितक्या लांबत, तितक्या अधिक वेळा शवविच्छेदन करून आलेले हात त्यांना तपासीत! सुइणी प्रेते फाडीत नसत, एवढेच त्यांचे पुण्य. १८४७ च्या मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यू जूनमध्ये दोनांच्या आसपास उतरले. आपल्याच हातांनी मरण नेले, हे मान्य करणे पुष्कळ डॉक्टरांना जड गेले, यात आम्हांस नवल वाटत नाही. १८४९ मध्ये सेमेलवाइसची मुदत संपली. ती वाढविण्यात आली नाही.