आधी काळजी, मग बाग

मी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचा. आमच्या भागात पाणी आवर्तनाने येतं आणि पाळीने शेतात शिरतं. त्यामुळे पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो, तेव्हा लोक पुलावर सेल्फी काढत होते आणि मी पाटाचा उगम शोधत होतो. हे पाणी कालव्याचं आहे.

सुमारे 10 एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण आहे. तिथल्या कोराकुएन या बागेवरून ती बेतली आहे. ‘पूर्वरंग’मध्ये जपानबद्दल लिहिणाऱ्या पुलंचं नाव तिला शोभतंही.

मूळ कोराकुएन इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवून घेतली. काम 1687 मध्ये सुरू झालं, 1700 मध्ये पुरं झालं. आज तिथे हिरवळ दिसते, पण सुरुवातीला बराच भाग भातखाचरांचा होता. एक तुकडा अजून राखलाय. नऊ चौकोनांत आखलेली ही जमीन प्राचीन चीनमधल्या कल्पनेची आठवण आहे: भोवतालचे आठ चौकोन आठ कुटुंबांचे, मधल्याचं पीक राज्याचं. म्हणजे सरदाराच्या बागेतच शेतसाऱ्याचा नकाशा!

‘कोराकुएन’ हे नाव 1871 मध्ये मिळालं. त्यामागचा विचार 11व्या शतकातल्या फान चुंगयेन या चिनी मुत्सद्द्याचा: राज्यकर्त्याने जगाच्या आधी काळजी करावी, जगाच्या नंतर सुख भोगावं. थोडक्यात, ‘मागाहून सुखाची बाग’. 1884 मध्ये ती सर्वांना खुली झाली. 1934 च्या पुराने आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्याने तिची नासधूस झाली. जुन्या चित्रांवरून ती पुन्हा उभारली गेली.

पुण्यात हे नाव मला टोचतं. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा शहर ओलांडून दौंड-इंदापूरकडे जातो. शहराला किती आणि शेतीला किती, हा वाद दर उन्हाळ्यात पेटतो. 27 सप्टेंबर 2018 ला हाच कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या झोपडपट्टीतले संसार वाहून गेले. ही जागा बागेपासून फार लांब नाही.

बाग नको, असं मी म्हणणार नाही. शहरात सावली आणि वाहतं पाणी लागतंच. पण कोराकुएनचा आराखडा आणायचा, तर नावातला क्रमही आणायला हवा. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का, हे आधी विचारायचं. मग पुलावर निवांत उभं राहायचं.